कॅल्क्युलेटरमधला हातचा समजावून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. आभार मात्र सगळ्यांसमोर मानायचे आहेत. मेकॅनिकल कीबोर्डचे स्विच लावून बनवलेला माझा कॅल्क्युलेटर आता रोज वापरात आहे, आणि त्याच्या आत जे काही चालतं त्यातला मोठा वाटा तुमचा आहे.

मी आराखडा पाठवला तेव्हा त्यात कळांची मांडणी, डिस्प्ले आणि मायक्रोकंट्रोलर (सगळं चालवणारी छोटी संगणक-चिप) एवढंच होतं. तुमच्याकडून तो लाल शाईने भरून परत आला. पहिली खूण कळांच्या जाळीवर होती. २० कळा ४ ओळी आणि ५ स्तंभांत बसवल्या की मायक्रोकंट्रोलरच्या ९ पिनांत काम भागतं, तेवढं मी काढलं होतं. तुम्ही प्रत्येक कळेशेजारी एकेक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, काढलात. एका वेळी एकच कळ दाबायची तर डायोड कशाला, असं मी विचारलं. सराईत बोटं आधीची कळ सुटायच्या आत पुढची दाबतात, हे तुम्ही दाखवून दिलंत. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या गेल्या, की प्रवाह उलट्या वाटेने फिरतो आणि चौथ्या कोपऱ्यावरची न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. १एन४१४८ हा छोटासा डायोड ती उलटी वाट बंद करतो. जाळीतला एकही डायोड मी गाळला नाही.

मग स्विचच्या थरथरीवर तुम्ही पानभर लिहिलंत. धातूचे दोन संपर्क जुळताना काही मिलिसेकंद उडत राहतात, आणि मायक्रोकंट्रोलरला ते कितीतरी वेळा दाबल्यासारखं वाटतं. कीबोर्डवर लिहिताना एखादं अक्षर दुप्पट उमटलं तर डोळ्यांना लगेच दिसतं. कॅल्क्युलेटरवर ‘बरोबर’ची कळ दोनदा नोंदली गेली तर शेवटची क्रिया पुन्हा होऊ शकते आणि चुकीचं उत्तर निमूटपणे समोर येतं. म्हणून दर मिलिसेकंदाला कळ वाचायची, सलग पाच वाचनं सारखी आली तरच ती दाबली असं मानायचं, आणि सुटतानाही हाच नियम लावायचा. किती साधं आणि किती भक्कम!

स्विच कोणते घ्यावेत यावर तुमचं मत ठाम होतं, आणि ते मला पूर्ण पटलं. हिशेब करताना डोळे कागदावर असतात, त्यामुळे कळ लागली की नाही हे बोटालाच कळायला हवं. चेरी एमएक्स पद्धतीच्या स्विचची दांडी ४ मिलिमीटर खाली जाते, पण कळ साधारण २ मिलिमीटरवरच नोंदली जाते. त्या जागी हलकासा अडथळा जाणवणारे स्विच मी घेतले. पत्र्यात १४ मिलिमीटरची चौकोनी भोकं, कळांच्या मध्यांत १९.०५ मिलिमीटर अंतर, ७-८-९ वरच्या ओळीत आणि ५ वर उंचवटा. न पाहता हात बरोबर पडतो.

पण खरे आभार संख्येसाठी. एटमेगा ३२८ वर, म्हणजे माझ्या मायक्रोकंट्रोलरवर, दशांश संख्या ३२ बिटांत (० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांत) ठेवल्या, तर जेमतेम ६-७ अंकांपर्यंतचीच खात्री देता येते, आणि माझा डिस्प्ले ८ अंकांचा. तुम्ही एकच उदाहरण दिलंत: १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवा. त्या पद्धतीत उत्तर येतं १,६७,७७,२१६! हिशेबाच्या यंत्राला हे शोभत नाही, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला तुमचा फार आदर वाटला. ०.१ सारखी रोजची संख्याही बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, नेमकी मावत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत.

मग आपण शाळेतल्या बेरजेकडे आलो. प्रत्येक अंक ४ बिटांत वेगळा ठेवायचा. ४ बिटांत ० ते १५ मावतात, आपल्याला ९ पर्यंतच हवेत. म्हणून बेरीज ९ च्या पुढे गेली की आणखी ६ मिळवायचे. ७ आणि ५ झाले १२, त्यात ६ मिळवले की १८. १६ चा एक गठ्ठा पुढच्या घरात हातचा म्हणून जातो आणि इथे उरतात २. हे कागदावर करून पाहिलं आणि मी कितीतरी वेळ वेगवेगळ्या जोड्या मिळवत बसले. १९७१ सालचा इंटेल ४००४ हा मायक्रोप्रोसेसर जपानच्या बिझिकॉम कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी घडवला गेला, आणि त्यात या दुरुस्तीसाठी वेगळी आज्ञा होती, कळा वाचायला मदत करणारीही एक होती. एटमेगामध्ये दोन्ही नाहीत. ते काम माझ्या कोडमध्ये हाताने लिहिलेलं आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

या निवडीमुळे डिस्प्लेही सोपा झाला. डिस्प्ले चालवणाऱ्या मॅक्स ७२१९ या चिपला असे अंक जसेच्या तसे चालतात, तेही तीन तारांवर. भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा वजाबाकी: शेष शून्याखाली गेला की भाजक एकदा परत मिळवायचा आणि पुढचं घर धरायचं. दाखवायचे अंक ८ असले तरी आत १० ठेवायचे, हा तुमचाच आग्रह. त्यामुळे १ ला ३ ने भागून पुन्हा ३ ने गुणलं आणि उत्तर दाखवताना ८ अंकांपर्यंत जवळच्या संख्येला नेलं की १ च दिसतो.

तुम्ही कोड लिहून दिला असता तर काम लवकर उरकलं असतं. तुम्ही प्रत्येक वेळी कागदावर एक उदाहरण दिलंत आणि ते पुरं करायला मला वेळ दिलात. हा वेळ तुम्ही तुमच्या कामातून काढत होता, याची मला पूर्ण जाणीव आहे.

विसावी कळ वर्गमूळासाठी राखून ठेवली आहे. १, ३, ५ अशा विषम संख्या वजा करत जायचं आणि वजाबाक्या मोजायच्या. ९ मधून तीनदा होतात, म्हणून वर्गमूळ ३. मोठ्या संख्येत दोन-दोन अंकांचे गट पाडून हेच कसं चालवायचं ते मी मांडलं आहे. सोबत पाठवते आहे. सवडीने लाल पेन घेऊन बसाल का?

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी