तारीख घेतली आहे

ती. आई आणि आण्णा,

आण्णा, तुमच्या मांडीच्या ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली. आगाऊ पैसेही भरले. विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "मेंढरं कोकणातनं येऊ देत, मग बघू." तुमचं ‘मग’ मला चांगलं ठाऊक आहे. तात्यांशी बोलले, मेंढरांचा वाडा ते सांभाळतायत.

पहिलं म्हणजे हा कॅन्सर नाही. क्षयही नाही. तिकडे क्षय समजून गोळ्या दिल्या, पण फोटोत दोन्ही सारखंच दिसतं म्हणे. हा हायडॅटिड. कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा कृमी असतो, त्याची अंडी विष्ठेतून मातीत, केसांना, तिथून आपल्या हाताला. मेंढराच्या पोटात गेली की काळजावर, फोपशावर पाण्याचे फोड धरतात. बकरं कापल्यावर ते पांढरे फोड कापून आपण कुत्र्यापुढे टाकायचो ना, तेच. कुत्र्यानं खाल्लं की परत कृमी. अख्खा वाडा हेच करत आला, कुणाला काय माहीत!

माणसात तो बहुतेक लिव्हर नाहीतर फुप्फुस धरतो. हाड शंभरात एखाद-दुसऱ्याचं. लिव्हरमध्ये शरीर त्याच्याभोवती जाड पापुद्रा घालतं, हाडात तसं होत नाही. म्हणून वाळवीसारखा आतल्या आत पसरत राहतो, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. तुमची मांडी ठणकायला लागली तोवर हाड बरंच पोखरलं होतं. नुसत्या गोळ्यांवर राहिलो तर चालता चालता मोडेल. सुई घालून तपासलं नाही म्हणून तुम्ही चिडलात, पण फोडातलं पाणी आत सांडलं तर नवे फोड धरतात, अंगावर भयंकर रिॲक्शनही येऊ शकते. ऑपरेशनमध्येसुद्धा तीव्र मिठाच्या पाण्यानं धुऊन काढणार आहेत. परत उद्भवू शकतो, हे लपवत नाही. म्हणून नंतरही तपासण्या चालू ठेवायच्या.

घर तळमजल्यावर आहे, कमोड आहे, खाटेशेजारी खिडकी. बाजरीचं पीठ आणून ठेवलंय. तुमची घोंगडी आणा, तिच्याशिवाय तुम्हाला झोप येत नाही. मलाही यायची नाही, पावसात तिच्यातच गुंडाळून खांद्यावर घ्यायचात.

आता ऐका. अल्बेंडाझोल, म्हणजे या कृमीवरची गोळी, सकाळ-संध्याकाळ, जेवणाबरोबरच. भाकरीवर तूप हवं, कोरड्या पोटी ती गोळी अंगी लागत नाही. बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. लिव्हरची आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही. काठीशिवाय बांधावर पाऊल टाकायचं नाही.

आई, आण्णांचं ताट-तांब्या वेगळा केलास असं कळलं. काळजीनंच केलंस, पण हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. एकाच ताटात जेवलात तरी चालेल. आणि वाघ्याला हाकलू नकोस. आण्णांच्या हाडातलं हे कित्येक वर्षांपूर्वीचं, तेव्हा तो जन्मलाही नसेल. त्याला ढोरांच्या डॉक्टरकडून प्राझिक्वांटेलची, म्हणजे जंतांची गोळी वर्षातून चारदा द्यायची, पहिली याच आठवड्यात. काळीज-फोपसं त्याला टाकायचं नाही, खोल पुरायचं. त्याला हात लावलास की साबणानं धू, मगच पीठ मळ. तात्यांनाही सांग, त्यांच्याकडे तीन कुत्री आहेत.

तुमची,
ताई