बारीक दोरी आणि मोठा चणक

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

पाऊस सुरू झाला की गोव्यातल्या मांडवी, जुवारी किंवा शापोरा नदीत गळाला लागलेल्या मोठ्या चणक माशाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत हमखास येतात. मासा दोन्ही हातांनी उंच धरलेला, धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर न मावणारा आनंद आणि खाली ओळ असते, ‘अमुक किलोचा चणक बारीक दोरीवर पकडला’. त्या आनंदाविषयी माझी काहीच तक्रार नाही. गरवण्याचा, म्हणजे गळाने मासे धरण्याचा, नाद मलाही आहे आणि रायबंदरच्या काठावरच्या संध्याकाळी मी त्याच नादात घालवतो. मात्र अशा ओळी वाचून नव्याने रॉड हाती घेणाऱ्या मुलांचा असा समज होतो की, दोरी जितकी बारीक तितकी मर्दुमकी मोठी. हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी कित्येक चणक तोंडात गळ आणि मागे लोंबणारी दोरी घेऊन पाण्यात फिरत राहतात. त्यांचे छायाचित्र अर्थातच कोणी पाठवत नाही. बारीक दोरीने मोठा मासा काठाला आणणे हे खरे कौशल्य आहे, पण ते जागा पाहून वापरायचे कौशल्य आहे, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

पहिल्यांदा कौशल्याविषयी. पाण्यातल्या माशाचा भार दोरीवर जवळजवळ येतच नाही. पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे तो पाण्यात तोलून राहतो, म्हणून दहा किलोचा चणक गळाला लागला की दोरीवर दहा किलोंचे ओझे पडते असे होत नाही. दोरीला सोसावी लागते ती त्याची ओढ, आणि ती ओढ कुठवर चढू द्यायची हे रीळाचा ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढ आली की दोरी सुटू देणारा ब्रेक, ठरवतो. दोरी जेवढा भार सोसू शकते त्याच्या पाव ते एक तृतीयांश एवढ्या ओढीला ड्रॅग सुटला पाहिजे, हा जगभरच्या गरवणाऱ्यांचा साधा हिशेब आहे. म्हणजे ४ किलोंच्या दोरीला साधारण १ ते सव्वा किलोवर रीळ फिरू लागले पाहिजे. हे बोटांनी दोरी ओढून, ‘ठीक वाटते’ म्हणून ठरवायचे काम नव्हे. भंगारवाले वापरतात तसला स्प्रिंगचा काटा दोरीच्या टोकाला अडकवावा, दुसऱ्याला रॉड धरायला सांगावा आणि रॉड पुरता वाकलेला असताना काट्यावरचा आकडा वाचावा. कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांमधून जाताना दोरीला जो अडथळा होतो तो रीळाजवळ मोजला तर कळतच नाही. ज्याने हे एकदा केले त्याच्या लक्षात येते की, आपण जो ड्रॅग ‘सैल’ समजत होतो तो दुपटीने घट्ट होता.

याच्या पुढची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मासा लांब पळाला आणि रीळावरची दोरी संपत आली की, ड्रॅगचा स्क्रू न फिरवताही दोरीवरचा ताण वाढतो. रीळावरच्या गुंडाळीचा व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट होतो. शिवाय पाण्यात पसरलेल्या लांब दोरीला प्रवाहाची ओढ असतेच, ती वेगळी. म्हणून मासा दूर गेला की शहाणा माणूस ड्रॅग किंचित सोडतो. आपली मुले नेमके त्याच क्षणी घाबरून तो आवळतात, दोरी ‘टण्’ करून तुटते आणि मग दोष दोरीच्या कंपनीला दिला जातो.

दोरीविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण बाजारात आता तंगुसाच्या (नायलॉनच्या एकसंध दोरीच्या) जोडीला ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली) दोरी सर्रास मिळते आणि दोन्हींना एकच माप लावले जाते. ब्रेडेड दोरी तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा पुष्कळ बारीक असते. त्यामुळे हलके ल्युअर (कृत्रिम आमिष) लांब फेकता येते आणि प्रवाह तिला कमी ओढतो. पण ती जवळजवळ ताणली जात नाही, म्हणून चणकाने डोके झटकले की तो झटका जसाच्या तसा गाठीवर येतो. तंगूस ताणला जातो आणि तो झटका थोडाफार पचवतो. उलट पाणी शोषल्यावर त्याची ताकद काहीशी उतरते. गाठ कुठल्याही दोरीची असो, ती आवळण्यापूर्वी थुंकीने किंवा पाण्याने ओली केलीच पाहिजे. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच दोरी दुबळी होते, हे डोळ्यांना दिसत नाही, पण मासा पहिल्या धावेत दाखवून देतो.

चणकाच्या बाबतीत तर मुख्य दोरीच्या पुढे लीडर, म्हणजे जाड दोरीचा हातभर लांबीचा तुकडा, हवाच हवा. त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड सुरीसारखी धारदार असते. जबड्यात मोठे सुळे नसले तरी खरखरीत बारीक दातांचे पट्टे असतात, आणि मासा डोके हलवत राहतो तोवर लीडर त्यांच्यावर घासत राहतो. झुंज संपल्यावर लीडरचा शेवटचा वीतभर भाग दोन नखांमध्ये धरून ओढून पाहावा. तो गुळगुळीत राहिलेला नसतो, त्यावर पांढुरके ओरखडे आणि बारीक कुसे उठलेली असतात. तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने बांधायची असते. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणाऱ्याचा पुढचा मासा जातो.

आता जागेविषयी, आणि हाच माझ्या पत्राचा खरा मुद्दा आहे. चणक हा दबा धरून बसणारा मासा आहे. पुलाच्या खांबाच्या आडोशाला, खारफुटीच्या मुळांत, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधातील मानशीच्या (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराच्या) तोंडाशी, जिथे प्रवाह अडतो आणि सुंगटे (कोळंबी) व शेवटे मासे वाहत येतात, तिथे तो थांबतो. सुकतीला (ओहोटीला) मानशीतून पाणी बाहेर पडू लागले की त्या फेसाळ तोंडाशी ‘ठप्’ असा पोकळ आवाज येतो. चणकाने तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढल्याचा तो आवाज ज्याने ऐकला आहे, त्याला मी अधिक काही सांगायला नको. पण अशा जागी गळ लागलेला मोठा चणक पहिल्या दोन-तीन क्षणांतच मागे वळून खांबाकडे किंवा मुळांकडे धावतो. खांबाला कालवे (धारदार कडांचे शिंपले) चिकटलेली असतात, आणि त्यांच्या कडेला ताणलेली बारीक दोरी नुसती टेकली तरी कापली जाते. इथे त्या पहिल्या धावेतच माशाला अडवावे लागते, आणि सव्वा किलोच्या ड्रॅगने मोठा चणक अडत नाही. म्हणजे मांडवीच्या पुलांखाली किंवा कुंभारजुव्याच्या कालव्यात बारीक दोरी वापरणारा माणूस मासा पकडण्याची नव्हे, तर मासा दोरीसकट सोडण्याची तयारी करून आलेला असतो. (अडकलेला गळ सोडवायला त्या कालव्यातल्या खारफुटीत उतरणाऱ्यांनी तिथे मगरी आहेत हेही विसरू नये.)

उलट शापोरा नदीच्या मुखाशी मोरजीच्या टेंबाजवळ, किंवा मिरामारच्या बाजूला जिथे तळ वाळूचा आणि पाणी मोकळे आहे, तिथे बारीक दोरीला अर्थ आहे. मासा शंभर वाव पळाला तरी वाटेत दोरी कापणारे काही नसते; त्याला पळू द्यावे, रॉड बाजूला आडवा झुकवून त्याचे डोके वळवावे, आणि तो पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकू लागला की रॉडचे टोक खाली घेऊन दोरी क्षणभर सैल सोडावी. शेवटी काठाजवळ मात्र हाताने दोरी धरून त्याला कधीही उचलू नये. पाण्याबाहेर आल्यावर त्याचे सगळे वजन एकदम दोरीवर येते, आणि तासभराची मेहनत दोन हातांच्या अंतरावर वाया जाते. जाळीचे झेले सोबत नसेल तर बारीक दोरीच्या गोष्टी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऋतूचाही विचार व्हावा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत नदीचे पाणी निवळ असते, मासा बिचकतो, तेव्हा बारीक दोरी दिसत नाही म्हणून ती वापरण्यात तथ्य आहे. पावसाळ्यात मांडवी तांबडी होऊन वाहत असताना पाण्यात आपला हात दिसत नाही, तिथे दोरी दिसण्याची भीती कसली? तेव्हा बारीक दोरीचे कारण केवळ छायाचित्राखालची ती ओळ एवढेच उरते. आणि चणकाची वीणही पावसाळ्याच्याच सुमारास, नदीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात होते. पिल्ले मग खाड्यांत आणि खाजनांत शिरून वाढतात. चणक आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे छायाचित्रात शोभणारा मोठा चणक बहुतेक वेळा मादीच असतो आणि अशी एक मादी लाखांनी अंडी घालते. ज्याला मासा खायचा आहे त्याने तो सरळ जाड दोरीने, लवकर ओढून घरी न्यावा. रव्यात घोळून तळलेल्या चणकाच्या तुकडीपुढे मी कोणाला उपदेश करणार नाही. पण ‘पकडून सोडून दिला’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, कोमट पाण्यात बारीक दोरीवर फार वेळ दमवलेला मासा सोडल्यानंतर पोहत गेला तरी तो जगेलच असे नसते. दमछाकीने त्याच्या स्नायूंत आम्ल साठते, आणि कोमट पाण्यात आधीच प्राणवायू कमी असतो. त्यातच जबड्याला धरून उभा लोंबकळवून छायाचित्रे काढली तर मोठ्या माशाच्या मणक्याला आणि आतल्या अवयवांना ताण बसतो. त्याचे पोट हाताने आडवे पेलावे.

तुटून राहिलेल्या दोरीचा त्रास माशापुरता थांबत नाही. खारफुटीत अडकलेला तंगूस वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि त्यात पाणकावळे अडकतात. मोरजीचा किनारा तर कासवांच्या विणीचा आहे, तिथे वाळूत दोरीचे गुंते टाकून येणाऱ्यांना काय म्हणावे हे मला शिष्ट भाषेत सुचत नाही.

बारीक दोरीचा मान राखायचा असेल तर तो मोजून राखता येतो, आणि जगात तो तसाच राखला जातो. १९३९ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही संस्था दोरीच्या ताकदीप्रमाणे १, २, ३, ४, ६, ८, १० किलो अशा पायऱ्यांनी वेगवेगळे विक्रम नोंदवते. विक्रमाचा दावा करणाऱ्याला लीडर आणि मुख्य दोरीचा किमान ५० फुटांचा तुकडा तपासणीला पाठवावा लागतो, कारण डबीवर छापलेला आकडा ग्राह्य धरला जात नाही. डबीवर ४ किलो लिहिलेली दोरी पुष्कळदा त्याहून बराच अधिक भार सोसते. वजनाचा काटेकोरपणाही तसाच. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या लार्जमाउथ बासचा विक्रम, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी २००९ साली त्याहून किंचित जड मासा पकडूनही मोडला गेला नाही, बरोबरीचा मानला गेला. कारण २५ पौंडांखालच्या माशाला जुन्या विक्रमापेक्षा किमान २ औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम, अधिक भरावे लागते. आपल्याकडे मात्र ‘अंदाजे बारा किलो’ आणि ‘बारीक दोरी’ एवढ्यावर विक्रम होतो.

म्हणून आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की, अशी छायाचित्रे जरूर छापावीत, पण पाठवणाऱ्याकडून चार गोष्टी विचारून घ्याव्यात: दोरी किती किलोंची होती, लीडर किती जाड होता, माशाची लांबी किती भरली आणि तो मोकळ्या पाण्यात लागला की खांबाजवळ. नेमकी जागा सांगायला कोणी तयार होणार नाही, ती विचारूही नये. मासा सोडला असेल तर गळ लागल्यापासून तो सोडेपर्यंत किती वेळ गेला हेही छापावे. शक्य झाल्यास यंदाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी ड्रॅग काट्यावर कसा लावायचा याची एखादी सचित्र चौकट द्यावी. ती तयार करायला आमच्या काठावरचे दोन-चार जुने गरवणारे आनंदाने मदत करतील.

कळावे,

आपला नम्र,
एक वाचक, रायबंदर