वंशावळीतलं जावयाकडचं पान

बॉस्टन

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

वंशावळीच्या पुस्तकात जावयांच्या घराण्यालाही एकेक पान द्यायचं ठरलंय असं तुम्ही कळवलंत आणि आमच्याकडून सात पिढ्या मागितल्यात. सोबत तक्ता जोडलाय. पिढ्या सहाच आहेत, आणि सहावीत नावापलीकडे फारसं काही नाही. आपला हेळवी पोथी उघडून घडाघडा बारा पिढ्या म्हणायचा. त्यापुढे हे अगदीच तोकडं दिसेल, म्हणून कारणं जरा सविस्तर लिहिते.

ह्यांचं घराणं मूळचं आयर्लंडचं, आणि तिथली जुनी दप्तरं डब्लिनमध्ये फोर कोर्ट्सच्या आवारात एका ठिकाणी ठेवली होती. जून 1922 मध्ये यादवीच्या लढाईत स्फोट झाला, आग लागली आणि कित्येक शतकांचे कागद जळाले. 1821 ते 1851 अशा चार खानेसुमाऱ्या त्यात होत्या, त्यांचे थोडे तुकडे उरले. 1861 आणि 1871 च्या सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. 1881 आणि 1891 च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्याला गेल्या. आग लागली तिथे निदान लढाई चालू होती, पण या बाकीच्या चार शांतपणे फाइलवर सही करून घालवल्या, याचा मला जास्त राग येतो. तर पूर्ण देशाची हाती असलेली सर्वांत जुनी खानेसुमारी 1901 ची. आमचे खापरपणजोबा त्याच्या पन्नासेक वर्षं आधीच बोटीत बसले होते.

ह्यांच्या घरात ठाऊक होतं ते एवढंच, की मूळ पुरुष दुष्काळात क्लेअर परगण्यातून आला. बटाट्यावर रोग पडून 1845 पासून जो दुष्काळ पडला, तो. देशात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. क्लेअरची वस्ती 1841 ला सुमारे 2,86,000 होती, ती दहा वर्षांत 2,12,000 च्या आसपास आली. इतक्या माणसांत आपला कोण, ते कसं कळणार? अमेरिकेतल्या कागदांवर जन्मस्थान म्हणून नुसतं ‘आयर्लंड’. तिकडे शोध घ्यायचा तर वाडी माहीत हवी, आणि ‘टाउनलँड’ म्हणतात त्या वाड्या देशात साठ हजारांच्या वर आहेत. ह्यांनी डीएनए चाचणीही करून घेतली. तीत ऑस्ट्रेलियातल्या कुणाशी नातं निघालं, पण ते नातं कोणतं, हे चाचणी सांगत नाही. त्याला शेवटी कागदच लागतो.

कागद मिळाला तो बॉस्टनमध्येच. इथे ‘द पायलट’ नावाचं कॅथलिक साप्ताहिक आहे. त्यात 1831 पासून 1921 पर्यंत हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती येत. अमुक परगणा, अमुक पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा गावांचा टापू), अमक्याचा मुलगा, तमक्या साली क्वीबेकला उतरला, शेवटचं पत्र रेल्वेच्या कामावरून आलं होतं, कुणाला ठावठिकाणा कळला तर बहिणीला कळवावं. बॉस्टन कॉलेजने या जाहिराती जमवून शोधता येतील अशा मांडल्यात. काका, त्या वाचायला बसले की पुढे काम होत नाही. आमच्या खापरपणजोबांचा शोध त्यांच्या बहिणीने अशीच जाहिरात देऊन घेतला होता. तिने आईबापांची नावं दिली आणि किलरशजवळची पॅरिश सांगितली. भाऊ तेव्हा सापडला की नाही, कोण जाणे. आम्हाला मात्र तिच्यामुळे गाव सापडलं.

पॅरिशच्या नोंदवह्या तिथल्या चर्चकडेच असल्यामुळे आगीतून वाचल्या. आता राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या सगळ्यांना फुकट पाहता येतील अशा केल्यात. अक्षर भयंकर, निम्म्या ठिकाणी लॅटिन, आणि सगळीकडे तीच दहा नावं, कारण थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी तिथली रीत. घोळ सुटतो तो बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांवरून. ते बहुधा मामा, मावशी, काका असतात. त्या धाग्याने खापरपणजोबांची दुसरी, धाकटी बहीण सापडली. ती देश सोडून गेलीच नव्हती. शेजारच्या वाडीत तिचं लग्न झालं होतं.

1901 च्या खानेसुमारीत तिचं वय 58 आहे आणि 1911 ला 74! आधी वाटलं, बाई दुसरी असणार. पण जानेवारी 1909 पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झाली होती, आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत. जन्माची सरकारी नोंद 1864 पासूनची, त्यामुळे म्हाताऱ्यांकडे दाखला कुठला? गावोगाव वयं भराभर वाढली. मला आपल्याकडच्या 1 जूनला जन्मलेल्या समस्त मंडळींची आठवण झाली. 1911 च्या खानेसुमारीच्या त्याच कागदावर तिने किती मुलं जन्माला घातली आणि किती हयात, हेही लिहिलंय: दहा आणि सात.

तिची पणती आता ऐंशीच्या पुढे आहे. एनिसच्या ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा विभाग आहे, तिथल्या बाईंनी आम्हाला वाट दाखवली. आम्ही आधी पत्र लिहिलं, मग गेलो. आजींनी चहा दिला, सोडा घालून भाजलेला पाव दिला, पण गळ्यात वगैरे पडल्या नाहीत. आधी उलटतपासणी. कुणाचा कोण, कुठल्या वाडीचा, आईकडचं आडनाव काय. ह्यांनी तक्ता पुढे केला तर म्हणाल्या, ठेव तो बाजूला, तोंडाने सांग. चार घरांतल्या पाच पिढ्यांच्या सोयरिकी त्यांना पाठ आहेत.

मग त्यांनी आम्हाला शेजारच्या वाडीतलं एक कुरण दाखवलं. किलरश भागात 1847 नंतर जमीनदारांनी हजारो माणसांना घराबाहेर काढून छपरं पाडली. कॅप्टन केनेडी नावाच्या सरकारी निरीक्षकाने त्यांच्या याद्या लिहून ठेवल्या आणि त्या पार्लमेंटसाठी छापल्या गेल्या. अशा यादीत आमच्या सहाव्या पिढीचं नाव आहे, घरातल्या माणसांच्या आकड्यासह. ग्रिफिथ साहेबाच्या 1855 च्या जमीन-आकारणीत ते नाव कुठेच नाही. धाकटीच्या नवऱ्याचं आहे, आणि आजी आजही त्याच जमिनीवर राहतात.

एक गोष्ट जुळली नाही. इकडचं घर सांगतं की खापरपणजोबांनी मरेपर्यंत बहिणीला पैसे पाठवले. आजींच्या घरची हकीकत अशी की एकच पत्र आलं, त्यात एक नोट होती, पुढे काही नाही. सासऱ्यांना हे लागलं. मी मनातून आजींच्या बाजूची आहे. मागे राहिलेल्यांना पोस्टमन किती वेळा आला ते बरोबर लक्षात असतं.

तेव्हा काका, एक विनंती. आपल्या तक्त्यात मुलींच्या जागी ‘कन्या तीन’ एवढंच लिहून पुढे जाऊ नका. आमचं हे पान दोन बहिणींमुळे भरलं. एकीने जाहिरात दिली, दुसरी गावात राहिली. नुसत्या पुरुषांची नावं धरून गेलो असतो तर आम्ही बॉस्टनच्या बंदरावरच अडकलो असतो. आपल्या आत्यांची सासरची नावं-गावं विचारून घ्या. गोदाआत्याला फोन सकाळीच करा, दुपारनंतर तिला ऐकू कमी येतं म्हणे. पुस्तकाची पानं वाढणार असतील तर जास्तीचा छपाईखर्च आम्ही देऊ, त्यावर वाद नको.

तक्त्यातली आडनावं मी देवनागरीत दोनदा लिहिलीत. कंपोज झाल्यावर प्रूफ मला एकदा पाठवाच. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
सुमा