सूचना : स्नेहसंमेलन आणि हिटलरची मिशी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील सर्व शिक्षक-प्राध्यापक सभासदांना नमस्कार.

स्नेहसंमेलनाची तयारी सुरू आहे. वेशभूषा स्पर्धेत काजळाने हिटलरची मिशी काढलेला मुलगा आला की टाळ्या पडतात. वक्तृत्वात ‘शिस्त हवी तर हिटलरसारखी’ हे वाक्य येतेच. कृपया हे तालमीतच थांबवा. मुलाला सर्वांदेखत रागावू नका, त्याला कुणी नीट सांगितलेलेच नसते. शेजारी बसवून सांगा : नोव्हेंबर 1938 मध्ये हिटलरच्या जर्मनीत ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकले. 1945 पर्यंत युरोपात सुमारे 60 लाख ज्यू मारले गेले.

ज्यू आपल्याला परके नाहीत. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलले. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस म्हणून तेव्हा बंद ठेवायचे.

इस्रायल सरकारच्या धोरणावर कॉलेजात खुशाल वाद होऊ द्या. पण ‘ज्यू असलेच असतात’ असे कुणी म्हणाले तर तिथेच अडवा. भाषेवरून हिणवले जाणे काय असते, हे सीमाभागात वेगळे सांगायला नको.

27 जानेवारीला, ज्यूंना जिथे मारले जाई ती ऑशविट्झ छावणी मुक्त झाली त्या दिवशी, प्रार्थनेनंतर पाच मिनिटे द्यावीत. वाचनासाठी मजकूर चिटणीसांकडे मिळेल, कन्नडमध्येसुद्धा.