माझं पोर कुठे आहे, हे विचारायचा हक्क

मुंबई,
रविवार, रात्र

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

दिवाळीत आपलं बोलणं अर्धवट राहिलं. फराळाच्या ताटावर मी आवाज चढवला, बाबा उठून अंगणात गेले आणि आई, तू विषय बदललास. कराडहून गाडीत बसल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये. फोनवर पुन्हा वाद होईल, म्हणून लिहायला बसले.

बाबा, आधी तुमचं म्हणणं मांडते, चुकलं तर सांगा. देशाला कडक माणूस लागतो. स्वातंत्र्य थोडं कमी झालं तर साध्या माणसाचं काही अडत नाही, त्याला संध्याकाळी सुखरूप घरी यायचं असतं. दाखला तुम्ही आणीबाणीचा दिलात. गाड्या वेळेवर, साहेब दहाच्या ठोक्याला खुर्चीत, संप बंद, साठेबाज गजाआड. विनोबांनीही 'अनुशासन पर्व' म्हटलं होतं, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत.

यावर मी वाद घालू शकले असते. पण आई, तू जे बोललीस, त्यावर मला शब्द सुचला नाही. "त्या संध्याकाळी कुणी म्हणालं असतं ना, तुझं सगळं स्वातंत्र्य दे आणि पोरगी परत घे, तर मी एका पायावर तयार झाले असते."

ती संध्याकाळ म्हणजे ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. मी मागच्या गाडीत, बायकांच्या डब्यात होते. रुळांवर उतरलो, रस्त्याला लागलो आणि वांद्र्यापासून गोरेगावपर्यंत चालत गेलो. वाटेत अनोळखी लोक बिस्किटं, पाणी हातात देत होते. मोबाइल लागत नव्हते. रात्री एक वाजून गेल्यावर मी तुम्हाला फोन केला, तेव्हा आई, तू एक शब्द बोलली नाहीस, नुसती रडत होतीस. पावणेदोनशेच्या वर माणसं त्या दिवशी घरी पोचली नाहीत. त्यामुळे सुरक्षितता ही हलकी गोष्ट आहे, असं मी कधीच म्हणणार नाही. त्या रात्री मीही काय वाटेल ते दिलं असतं.

आणि आपण दिलंच होतं की! मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा, त्याखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. एरवी आपल्या कायद्यात तो चालत नाही. गुन्हेगार सुटू नयेत म्हणून ही जादा ताकद आपण पोलिसांना दिली. २०१५ मध्ये या स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. ते कबुलीजबाब विश्वास ठेवण्याजोगे नाहीत, असं न्यायालयाला वाटलं. बारांतला एक जण तो निकाल ऐकायला उरलाच नव्हता, तो कैदेतच वारला. सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयात आहे, पुढे काय व्हायचं ते होईल. पण आई, त्या लाइनवर मागच्या गाडीत बसलेल्या तुझ्या मुलीला आज एकोणीस वर्षांनीही ठामपणे माहीत नाही, ते बॉम्ब कुणी ठेवले होते. निकालाच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि घरी येऊन गप्प बसून राहिले. जे द्यायचं ते देऊन झालं होतं. त्याच्या बदल्यात पदरात काय पडलं, हेच कळत नव्हतं.

आता आणीबाणी. वेळेवर धावणाऱ्या गाड्या तुम्ही पाहिल्यात, त्या मी खोट्या म्हणत नाही. मला वेगळंच सांगायचं आहे. २७ जून १९७५ ला राष्ट्रपतींचा एक आदेश निघाला. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जायची वाट त्यानं बंद झाली. 'मिसा' या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली माणूस उचलला की का उचलला, हे सांगायचं बंधन नव्हतं. नऊ उच्च न्यायालयांनी तरीही सांगितलं की अटक कायद्याला धरून आहे का, एवढं तरी आम्ही बघू. त्यांत आपलं मुंबई उच्च न्यायालयही होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्ती खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारलं, एखाद्या पोलिसानं खाजगी वैरातून कुणाचा जीव घेतला, तर? ॲटर्नी जनरल निरेन डे यांनी सांगितलं, आणीबाणी आहे तोवर त्यावर न्यायालयात इलाज नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला, सरकारच्या बाजूनं. एकटे खन्ना विरोधात राहिले. पुढे ज्येष्ठता डावलून त्यांचं सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

त्या चौघांपैकी न्यायमूर्ती बेग यांनी निकालात लिहिलं की स्थानबद्धांना चांगलं राहायला, खायला मिळतंय आणि सरकार त्यांची घेत असलेली काळजी जवळजवळ आईसारखी आहे. आई, हे वाचलं तेव्हा मला तुझी आठवण झाली. आईची माया म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. आई लेकराला कोंडून ठेवून 'ते कुठे आहे, हे मला विचारू नका' असं म्हणत नाही.

केरळातल्या एका बापाची गोष्ट सांगते. कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजात राजन नावाचा मुलगा शिकत होता. १ मार्च १९७६ ला पहाटे पोलीस त्याला घेऊन गेले. त्याचे वडील, टी. व्ही. ईच्चर वारियर, हिंदीचे प्राध्यापक होते. ते तुरुंगांच्या दारांत उभे राहिले, मंत्र्यांना भेटले, अर्जांवर अर्ज केले. मुलगा कुठे आहे, हे कुणी सांगितलं नाही आणि कोर्टाची वाट तर बंदच होती. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला: माझ्या मुलाला न्यायालयासमोर हजर करा. आधी सरकार म्हणालं, त्याला पकडलंच नव्हतं. मग कक्कयमच्या पोलीस छावणीतल्या छळाची हकीकत बाहेर आली. मुख्यमंत्री करुणाकरन यांना पद सोडावं लागलं. राजनचा देह मात्र कधीच सापडला नाही.

बाबा, तुम्ही ज्याला 'थोडं स्वातंत्र्य' म्हणता ना, त्याचा अर्थ मला इथे कळला. माझं पोर कुठे आहे, हे सरकारला विचारायचं आणि सरकारनं उत्तर द्यायचं. वारियरांना ते वर्षभर विचारता आलं नाही. आणि आई, २००६ च्या रात्री तूही तोच प्रश्न विचारत होतीस. तो हक्कच देऊन टाकला, तर पोरगी परत मिळाली की नाही, हे तू कुणाला विचारणार होतीस?

कडक सरकारचा हात कुठवर पोचतो, तेही सांगते. १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते राहिलं. बाबा, तुम्ही चौघा भावंडांतले शेवटचे आहात.

मला कमकुवत सरकार नकोय. फलाटावर पोलीस हवेत, कॅमेरे हवेत, खटले चार-दोन वर्षांत संपायला हवेत. हे सगळं कोर्टाचं दार उघडं ठेवूनही करता येतं. उघडं असलं की खरा गुन्हेगार शोधायची जबाबदारी पोलिसांवर जास्त येते, कारण चुकीचा माणूस आत टाकला तर कुणीतरी विचारणार असतं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर जीविताचा हक्क आणीबाणीतही गोठवता येत नाही. माझ्या पिढीला हे आयतं मिळालं आहे.

आणखी एक. त्या चार न्यायमूर्तींत आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये त्यांच्याच मुलानं, धनंजय चंद्रचूडांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात लिहिलं की तो निर्णय गंभीररीत्या चुकीचा होता. वडिलांविषयी त्यांना आदर नसेल, असं मला वाटत नाही. दिवाळीत मी जे बोलले, तेही तसंच समजून घ्या. आवाज चढला, त्याची मात्र माफी मागते.

बाबा, तुम्ही पंचाहत्तर साली कराडातच होतात. डिसेंबरात तिथं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. त्यांच्यासमोर दुर्गाबाईंनी आणीबाणीला विरोध करणाऱ्या आजारी जयप्रकाश नारायणांसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला लावली. तुम्ही त्या मांडवात होतात का? मी कधी विचारलंच नाही. लहानपणी तुम्ही एकदा वाड्यातल्या मास्तरांबद्दल बोलला होतात. रात्री पोलीस आले, त्यांना घेऊन गेले आणि सकाळी वाड्यात सगळे आपापल्या कामाला लागले, असं काहीसं. पुढचं तुम्ही सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात मी चार दिवस येतेय, तेव्हा ऐकायचंय. मास्तर केव्हा परत आले? मधल्या काळात त्यांच्या बायकोकडे चौकशीला कुणी जात होतं का?

आईचे गुडघे कसे आहेत, ते कळवा.

तुमची,
वृंदा