चालकाला आधी विचारणाऱ्या आप्पांस

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

शिरपूरजवळ महामार्गालगतच्या आपल्या गाड्यांच्या वायरिंग-बॅटरीच्या दुकानातून आमचा ट्रक निघाला, तेव्हापासून तो चोपड्याहून केळी भरून बिजासन घाट ओलांडतो, थेट दिल्ली गाठतो, आणि बॅटरी चार्ज होत नसल्याची खूण असलेला लाल दिवा एकदाही लागलेला नाही. हे आपल्याला फोनवरही सांगता आले असते. परंतु आपण जे केले ते इतरांनीही वाचावे, म्हणून हे जाहीर पत्र.

आपल्याआधी ज्यांच्या दारी गेलो त्यांची नावे घेत नाही. दवाखान्यात शिरताच ताप उतरावा, तसा बॅटऱ्या उतरण्याचा आमच्या ट्रकचा दोष त्यांच्या अंगणात दिसतच नसे. उभ्या गाडीचे थंड इंजिन चालू करून अल्टरनेटरवर, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रावर, मीटर लावला की २८ व्होल्ट येत आणि गाडी ‘ओके’ ठरे. एकाने दोन्ही बॅटऱ्या बदलायला लावल्या, दुसऱ्याने अल्टरनेटर उतरवून त्यातले कार्बन ब्रश आणि व्होल्टेज आवरणारा कटआउट नवे घातले. तरीही बॅटऱ्या उतरतात म्हटल्यावर तिसऱ्याने खापर आमच्या चालकावर फोडले: हा रात्री ढाब्यावर दिवे चालू ठेवून झोपत असणार! ज्याचे अर्धे आयुष्य स्टिअरिंगवर गेले, त्या माणसाने हे खाली मान घालून ऐकून घेतले.

आपण मात्र मी पुढे केलेली बिले बाजूला सारलीत, चालकाला आपल्या खुर्चीवर बसवलेत, पाण्याचा तांब्या त्याच्या हाती दिलात आणि विचारलेत, “भाऊ, दिवा कव्हय लागस?” मी मध्ये बोलू लागलो तेव्हा हाताने थांबवलेत, हेही मला फार आवडले. तो मोकळेपणाने बोलला: सपाट रस्त्यावर कधी नाही, माल भरून घाट चढल्यावर, इंजिन तापलेले असताना, रस्ता खडबडीत असला आणि हेडलाइट लावलेले असले की दिवा लुकलुकतो, आणि त्या रात्री इंजिन सुरू करणारा सेल्फही सुस्त फिरतो.

दोषाचे निदान तिथेच निम्मे झाले होते. तापलेल्या इंजिनावर, सगळे दिवे लावून आपण मोजलेत, तेव्हा अल्टरनेटरवर २८ व्होल्ट आणि बॅटरीवर जेमतेम २५ निघाले. मधली तूट इंजिन व चासी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत होती. बाहेरून धड दिसणाऱ्या त्या पट्टीच्या तारा टोकाच्या लगपाशी, म्हणजे बोल्टने कसायच्या धातूच्या कडीपाशी, तुटल्या होत्या आणि इंजिन हलले की जोड सुटत होता. आपल्या दुकानात नव्या बॅटऱ्यांची रांग लागलेली असताना आपण फक्त एका पट्टीचे आणि मजुरीचे पैसे घेतलेत.

खरे सांगायचे तर पैसे वाचल्याचा आनंद दुय्यम आहे. मे महिन्याच्या उन्हात गाडी वाटेत बंद पडली, तर कच्ची भरलेली केळी गाडीतच पिकू लागते, हे नुकसान आम्हाला ठाऊक आहे. परंतु मालकासमोर त्याच्या नोकराचा शब्द खरा मानणारी, त्याला आधी बसायला सांगणारी माणसे या रस्त्यावर अजून आहेत, हे पाहून अधिक समाधान वाटले. अशा सौजन्याला ना बिल लागते, ना वॉरंटी.

आमच्या दुसऱ्या ट्रकचाही सेल्फ कधी घेतो, कधी घेत नाही. तो येत्या आठवड्यात आपल्याकडे पाठवतो आहे. तक्रार काय आहे ते चालक सांगेल. मी सोबत येत नाही.

आपला कृतज्ञ,
चोपडा तालुक्यातील एक ट्रकमालक