तंबाखू घरी लावायची म्हणतोस, तर हे वाच

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. वाईजवळच्या प्लॉटवर विहिरीच्या कडेला थोडी तंबाखू लावायची म्हणतोस, आबांना पुडीतल्या मालाला सेंटचा वास येतो, घरची असली तर निदान शुद्ध तरी असेल, असं लिहिलंयस. शुद्धचं मी पुढं बोलतो, त्यावर मला नीट बोलायचंय. आधी लावायचं आणि पिकवायचं सांगतो, कारण मे संपत आलाय आणि बी टाकायची वेळ जवळ आलीय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की धर. तंबाखू शेतात निम्मीच होते, उरलेली निम्मी पान तोडल्यावर सावलीत होते. व्हिडिओ बघून ज्यांनी लावली ते सगळे मला खताचं विचारतात, पाण्याचं विचारतात, आणि तोडलेलं पान नेऊन उन्हात पत्र्यावर टाकतात, मग दोन दिवसांत पान कडक, हिरवंच्या हिरवं, आणि वास नुसता गवताचा. ते पान वाळलं, पण तयार झालं नाही. मग म्हणतात बियाणं खराब होतं.

आता बी. एवढं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये 10,000 च्या वर दाणे बसतात, फुंकर मारली तर उडून जातं. त्यामुळं चिमूटभर बी चाळलेल्या राखेत नाहीतर बारीक वाळूत मिसळायचं आणि गादीवाफ्यावर विस्कटायचं. वर माती अजिबात टाकायची नाही, या बियाला उगवायला उजेड लागतो. पाणी बारीक भोकांच्या झारीनं, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं. आठ-दहा दिवसांत हिरवी झाक दिसायला लागेल. तुमच्याकडं पाऊस आमच्यापेक्षा जास्त, तेव्हा वाफा उंच कर आणि वर काहीतरी आडोसा धर, नाहीतर रोपं मुळाशी कुजून कोलमडतात, आणि एकदा ती मर लागली की अख्खा वाफा बसतो. सहा-सात आठवड्यांनी रोप वितभर व्हायला आलं की ऑगस्टमध्ये अडीच-तीन फुटांवर लाव. जवळ लावू नको, पुढं पान हातभर होतं.

जागा निवडताना दोन गोष्टी बघ. जिथं वांगी, टोमॅटो, मिरची घेतली असेल तिथं लावू नको, सगळी एकाच कुळातली, एकाचा रोग दुसऱ्याला. आबा तंबाखू मळलेल्या हातानं टोमॅटोच्या रोपांना हात लावत असतील तर आधी साबणानं हात धुवायला सांग, मोझॅक रोगाचा व्हायरस वाळलेल्या पानातही टिकतो आणि हातावरून जातो. दुसरं म्हणजे खारटपणा. आमच्या इकडं मिरज-वाळव्यात उसाला पाणी पाजून पाजून किती जमीन क्षारपड झाली तू बघितलीयस, तसल्या जमिनीत तंबाखूचं झाड वाढेल पण पान नीट पिकत नाही आणि जळत नाही, कारण क्लोराईड पानात साठतं. म्हणून पोटॅश द्यायचंच झालं तर म्युरेट देऊ नको, त्यात क्लोराईडच असतं, सल्फेट ऑफ पोटॅश दे. दुकानदार म्हणेल दोन्ही एकच, त्याचं ऐकू नको. मुळाशी मातीतून पानं नसलेले फिकट फुलांचे कोंब वर आले तर तो बंबाखू, मुळातून रस ओढतो, फुलायच्या आत उपटून जाळायचा, एक झाड बी धरलं तरी पुढची कित्येक वर्षं जमिनीत राहतं.

कळ्या दिसायला लागल्या की शेंडा खुडायचा, झाडावर सोळा-अठरा पानं ठेवून. हे काम जीवावर येतं कारण फुलं गुलाबी, देखणी असतात, पण खुडलं नाही तर सगळी ताकद बियात जाते. आणि यातली गंमत अशी की निकोटीन पानात तयार होतच नाही, ते मुळात तयार होऊन वर चढतं, आणि शेंडा खुडला की मुळं ते जास्त करायला लागतात. म्हणजे न खुडलेली तंबाखू मऊ आणि खुडलेली कडक, हा जो फरक आपली म्हातारी माणसं जिभेवर ओळखायची तो मुळांमध्ये होतो. खुडल्यावर बगलेतून फुटवे येतात, ते आठवड्याला मोडत राहायचं, हाताला काळा चिकट थर बसतो, तो खोबरेल चोळून मग साबणानं निघतो. एक चांगलं झाड मात्र बियासाठी सोड, त्याचा तुरा मलमलच्या पिशवीत बांध.

आणि हे नीट वाच. पाऊस पडल्यावर किंवा दहिवरानं झाड ओलं असताना उघड्या हातानं पानात शिरायचं नाही. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून आत जातं, मळमळ, उलटी, चक्कर, आमच्याकडं तोडणीच्या बायका म्हणायच्या तंबाखू लागली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि पोरांना त्या ओळीत सोडू नको.

तोडणी डिसेंबर-जानेवारीत. पान पिकलं हे कसं कळतं, तर खालच्या पानापासून बघत ये, हिरवा रंग फिका होतो, मग अंगावर पिवळसर ठिपके उठतात, टोक खाली वळतं आणि मधली शीर पांढरट दिसायला लागते. असं पान खाली दाबलं की कट्‌ आवाज करून देठातून सुटतं. ओढावं लागलं तर ते पिकलेलं नाही, राहू दे. सगळं झाड एकदम तोडायची घाई करू नको, खालून वर तीन-चार पानं, मग आठवडाभर थांब, मग परत. निपाणी भागात बिडीची तंबाखू उन्हातच वाळवतात, ते पान झाडावर पार ठिपके भरेपर्यंत पिकवलेलं असतं आणि त्याचा माल वेगळाच, तो नमुना घरी चार झाडांवर करायला जाऊ नको. आणि व्हर्जिनिया जातीच्या नादाला तर लागूच नको, ती भट्टीच्या उष्णतेवर पिवळी करावी लागते, शिवाय तिला 1975 च्या कायद्यानं तंबाखू बोर्डाचं रजिस्ट्रेशन लागतं.

आता सावली. पानं दाभणानं सुतळीत ओवायची, देठाजवळून, पाठीला पाठ आणि पोटाला पोट, म्हणजे एकमेकांना चिकटत नाहीत. गोठ्यात किंवा पडवीत आढ्याला टांग, वारा खेळता पाहिजे पण झोत नको, ऊन तर नकोच. तोडलेलं पान लगेच मरत नाही रे, ते आठवडा-दीड आठवडा जिवंत असतं, श्वास घेत असतं, आतल्या पिठूळ भागाची साखर करतं आणि ती साखर खातं, त्याबरोबर हिरवा रंग जातो. पान पिवळं होईपर्यंत त्याला जिवंत ठेवायचं, सगळी कला यात आहे. पाणी लवकर उडालं तर ते हिरवेपणातच मरतं आणि मग काहीही कर, तो हिरवा रंग हटत नाही. आपल्याकडं अडचण हीच की जानेवारीत हवा कोरडी ठक्क असते, म्हणून मी दुपारी गोठ्याच्या दारा-खिडक्यांना ओलं गोणपाट लावतो आणि जमिनीवर पाणी मारतो, संध्याकाळी सगळं उघडतो. उलट ढगाळ हवा आली आणि देठाशी बुरशीचा पांढरा भुरा दिसला तर पानं विरळ करायची, वारा वाढवायचा. पिवळ्याचं तपकिरी होतं, कडेकडून आत. दीड-दोन महिने धर. मधली शीर वाकवल्यावर काटकीगत मोडली की झालं. दहा किलो ओल्या पानाचे दीड-दोन किलो उरतात.

आढ्यावरून उतरवायची वेळ मला सगळ्यात आवडते. दुपारी त्या पानाला हात लावला तर चुरा होतो, पण पहाटे, दहिवर पडल्यावर, तेच पान मऊ पडतं, मुठीत दाबलं तर परत उलगडतं. वडील चारला उठून गोठ्यात जायचे, कंदील नाही काही नाही, नुसतं पान चाचपून सांगायचे आज उतरवायची की नाही. ऊन वर यायच्या आत काम आटपायचं, घड्या घालून गोणपाटात दाबून ठेवायची. वखारीत मोठ्या थप्प्या आपोआप तापतात आणि उलथून लावाव्या लागतात, घरच्या चार किलोला तेवढी ऊब धरत नाही, म्हणून घट्ट दाबून वर्षभर ठेवून द्यायची, मधून मधून उघडून बघायची. सुरुवातीला नाकात जाणारा अमोनियाचा वास येतो, तो गेला की खरा वास येतो.

हे सगळं हातातून चाललंय बघ. आमच्या गावात आता बांधाला बांध ऊसच, ज्यांना हे येत होतं ती माणसं सत्तरीच्या पुढं. त्यांनी 1943 पासूनचा तंबाखूवरचा एक्साईज कर बघितला, पान मोजायला इन्स्पेक्टर दारात यायचा तो 1979 ला बंद झाला, 1981 ला निपाणीत तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला त्यात माणसं गेली. एवढं सोसून टिकवलेलं काम पोरांना सांगायलाही कुणी नाही. मी दरसाल चार ओळी लावतो त्या बी राहावं आणि हात राहावा म्हणून. काड आणि चुरी उकळून मावा पडलेल्या गुलाबाला फवारतो, तेवढाच वापर. खात मी नाही.

आणि आता शुद्धचं. बंड्या, घरची तंबाखू शुद्ध असते म्हणजे तिच्यात सेंट आणि रंग नसतो, एवढंच. निकोटीन तेवढंच, खुडलेली असेल तर जास्तच. कॅन्सर करणारे जे नायट्रोसामीन असतात ते बाहेरून कुणी घालत नाही, पान वाळताना, मुरताना त्याच्यातच तयार होतात. ज्या मुरण्यातून तो वास येतो त्यातच ते होतात. आमचे धाकटे काका आयुष्यभर घरचंच पान चुन्याबरोबर खायचे, दुकानातली पुडी त्यांनी कधी हातात धरली नाही, आणि जबड्याच्या कॅन्सरनं गेले. शेवटी पाणी गिळता येत नव्हतं. आबांना हे तू सांग, तुला जमत नसेल तर मी येऊन सांगतो, ते माझं ऐकतील. त्यांची सवय या वयात सुटेल न सुटेल, पण घरची आहे म्हणून दोन विडे जास्त खाल्ले असं होता कामा नये. आणि तू स्वतः सुरू करू नको, हे मी तुला हक्कानं सांगतोय.

लावणार असशील तर लाव, मला आनंदच आहे. वडिलांच्या वेळचं बी पुडीत घालून सोबत पाठवलंय, वाफा तयार होईपर्यंत कोरड्या डब्यात ठेव, फ्रीजमध्ये ठेवलंस तरी चालेल. रोपाला चार पानं आली की फोटो पाठव, दाट झाली असतील तर विरळणी कुठं करायची ते सांगतो. जानेवारीत पहिल्या तोडीला मी दोन दिवस येतोच, दाभण आणि सुतळी मी घेऊन येईन, तू आढ्याला बांबू तेवढे बांधून ठेव. वहिनींना आणि आबांना नमस्कार.

तुझाच,
दाद्या